आयचा तेरडा आणि माझा ताप

गवर यायच्या आदल्या दिवशी आम्ही घर सोडलं. आय पुढे, मी मागे. भांड्यांचं आणि कपड्यांचं बोचकं माझ्या डोक्यावर होतं. आयच्या डोक्यावर तेरड्याचा भारा होता. वाडीच्या चारी बांधांवरचा तेरडा तिने सकाळपासून उपटला होता, मुळासकट, एकही रोप न ठेवता. गुलाबी फुलांनी भरलेला तो ओला भारा तिच्या कपाळावर खाली आला होता आणि मुळांचा चिखल कानावरून गळ्याशी ओघळत होता. ओट्यावर नामाकाका उभा होता, माझ्या बापाचा सख्खा धाकटा भाऊ.

"तुला जायाचं तर जा," तो ओरडला. "पोरीला ठेव! उद्या गवर कोन आनील?"

आयने मागे वळून पाहिलं नाही. "गवर चालली माझ्यासंगं," एवढंच म्हणाली आणि बांधावरून उतरली. मला तेव्हा भारी मजा वाटली होती. आपण कुठेतरी चाललोय, नवीन जागा बघायला मिळणार, असं वाटत होतं. ती जागा म्हणजे पनवेल आणि आता तिथेच जन्म जायचा आहे, हे कळायला मला दोन-चार वर्षं लागली.

गावात राहिलेल्यांनो, आणि गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कुठे कुठे गेलेल्यांनो, तुम्हाला हसू येईल. हिने कसलं गाव सोडलं, म्हणाल. कामोठ्याच्या पलीकडे खाडीकाठचं आपलं गाव, आणि तिथून पनवेल ते किती लांब! सकाळी निघालं तर उन्हं चढायच्या आत बाजारात. पण मी सांगते, लांब गेलेल्यांचं बरं असतं. त्यांना माणसं दिसत नाहीत, फक्त आठवतात. ज्याच्यामुळे आम्हाला घर सोडावं लागलं तो मला दर बाजाराला दिसायचा. डोक्यावर नवी टोपी घालून यायचा, जिलबी घेऊन जायचा. खाडीवरून वारा सुटला की खाऱ्या चिखलाचा वास पार आमच्या खोलीत यायचा. असं जवळ राहून दूर राहणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. नामाकाकाच्या वाट्याला यायला हरकत नव्हती.

आता घराचं सांगते. बाप माझा मिठागरावर कामाला. पावसाळ्यात मिठागर बंद, मग भाताची खाचरं. घर एकच, पण त्यात दोन बिऱ्हाडं: पुढल्या खोलीत काकीची चूल, मागल्या खोलीत आयची. मागच्या दाराशी वाडी होती, ती आयने बापाला सांगून कसायला घेतलेली. पावसाळ्यात तिच्यात काकडी आणि भोपळ्याचे मांडव उभे राहायचे आणि चारी बांधांना तेरडा.

तेरडा काय, कुठेही येतो. त्याला खत नको, निगा नको. पाऊस धरायच्या आत आय बांध जरासा खरवडायची, मुठीतलं बी फेकायची आणि वरून पायाने माती सारायची. झालं. रोपं दाट आली की निम्मी उपटून टाकायची, म्हणजे उरलेली चांगली फांद्या धरतात. श्रावण लागला की फुलायला लागायचा. गावातले लोक तो बांधावर आपोआप येतो म्हणून तसाच सोडायचे. मुद्दाम पेरणारी आय एकटीच, म्हणून तिला हसायचे. काकी तर म्हणायची, "भात पेरतात, भाजी पेरतात. ही रान पेरते."

आय का पेरायची ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सकाळी तेरड्यावर भुंगे यायचे. शेपटाकडे निळसर पट्टे असलेले, एका जागी न ठरणारे. फुलाच्या तोंडात अख्खे आत शिरायचे आणि बाहेर यायचे तेव्हा पाठीवर पांढरं पीठ लागलेलं असायचं. फुलपाखरंही यायची, मधमाश्या यायच्या. तिथून उठले की मांडवावर. आय मला मांडवाखाली बसवायची आणि म्हणायची, "गप बस. पावनं जेवताहेत." ज्या वर्षी तेरडा चांगला, त्या वर्षी काकडी चांगली. आयच्या वाडीला लागायची तशी काकडी गावात कुणाला लागत नव्हती आणि नामाकाकाला वाटायचं की ती मातीच तशी आहे.

बाकी तेरडा हवा असायचा तो गवरीसाठी. आमच्याकडे गवर म्हणजे तेरड्याचीच. मुखवटा नाही, मूर्ती नाही; बांधावरून मुळासकट उपटलेली रोपं, त्यांची जुडी, तिला लुगडं. आणि ती आणायची घरच्या पोरीने. सुनेने नाही, घरच्या लेकीने. गवर ही माहेराला आलेली लेक, मग तिला लेकच आणणार. पोर दाराशी आली की घरची बाई तिचे पाय दूध-पाण्याने धुते, कुंकू लावते आणि मग तिला सगळ्या घरात फिरवतात. एकही खोली सोडायची नाही. प्रत्येक खोलीत घरची माणसं विचारतात, "गवरबाय, हितं काय?" पोरीने सांगायचं. चुलीपाशी, "हितं दूध-भात." भाताच्या कणगीपाशी, "हितं भरली कनगी." माजघरात, "हितं हलता पालना." आणि प्रत्येक उत्तराला घरच्या सगळ्यांनी म्हणायचं, "हाय बाय, हाय." ते म्हटल्याशिवाय पोर पुढे सरकत नाही आणि तिला कुणी ढकलायचंही नसतं. तेवढ्या वेळापुरती ती घरची पोर नसते, गवर असते.

आमच्या घरात लेक मी, चांगुणा, एकटी. नामाकाकाला दोन मुलगे. म्हणून दर वर्षी मीच आणायची. उत्तरं आयने शिकवलेली. विसरले की ती मागून ओठ हलवायची.

मग माझा बाप, जोमा, गेला. तापाने गेला, पावसाच्या तोंडावर. दिवसकार्य होईपर्यंत नामाकाका काही बोलला नाही. पुढे भाद्रपद लागला, आयचे मांडव काकड्यांनी वाकले, तेव्हा तो एक दिवस कुदळ घेऊन मागल्या खोलीत आला. "एका घरात दोन चुली कशाला?" म्हणाला. "जोमा गेला. आता घर एक, चूल एक." आणि त्याने आयची चूल फोडली. चूल मातीची असते, तिला फोडायला असा किती जोर लागतो? पण त्याने दोन्ही हातांनी कुदळ उचलून घातली. आय बाजूला उभी होती. मी तिचा पदर धरून उभी होते. चुलीत आदल्या संध्याकाळची राख होती, ती उडाली आणि सगळ्यांच्या केसांवर बसली. काकी दारात होती. ती काही बोलली नाही. मी तिचं ते न बोलणं पण लक्षात ठेवलं.

आयने काकीच्या चुलीशी राबत राहावं, वाडी नामाकाकाने करावी, असा त्याचा बेत होता. आयने एक रात्र काढली. सकाळी उठून ती भांडली नाही, रडली नाही. वाडीत गेली आणि तेरडा उपटायला लागली. पावसाने माती मऊ होती, रोप हाताला येत होतं. गावातल्या बाया बांधावर येऊन बघत होत्या. विधवेने गवरीच्या तेरड्याला हात लावला म्हणून एकदोघी कुजबुजल्या. आय म्हणाली, "पेरला तवा चालला हात. आता नाय चालत?"

पनवेलमध्ये आम्हाला जागा दिली खालाने. सगळे तिला खालाच म्हणायचे, म्हणजे मावशी. बाजारामागच्या मोहल्ल्यात तिचं घर होतं. आय पूर्वी बाजाराला भाजी आणायची, तेव्हा खाला तिच्याकडून भोपळे घ्यायची, एवढीच ओळख. आयला डोक्यावर झाड घेऊन दारात उभी पाहून तिने काही विचारलं नाही. मागची खोली उघडून दिली. "ये तो गुलमेहंदी है," भाऱ्याकडे बघून म्हणाली. "इतनी सारी! क्या शादी है घर में?" त्यांच्याकडे तेरड्याचा पाला वाटून नखांना लावायचे.

आयने पहिलं काम काय केलं असेल? मुळांना लागलेली आमच्या वाडीची माती तिने एका पाटीत झाडून घेतली. एवढा भारा, पण माती निघाली ती पाटीच्या तळापुरती. तिच्यात खालाच्या परसातली माती घातली, भुसा घातला, कालवली आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात चूल घातली. ओली चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक खालाच्या घरी झाला. पण गवर आमचीच आली. मी परसात ठेवलेल्या भाऱ्यातून जुडी उचलली आणि दाराशी उभी राहिले. पाय धुवायला घरची सवाष्ण पाहिजे. आयने इकडे-तिकडे बघितलं आणि तांब्या स्वतःच उचलला. "हितं मला कोन बघतंय?" म्हणाली. खोली एकच, त्यामुळे फिरणं एका पावलात झालं. "गवरबाय, हितं काय?" आयने विचारलं. मी ओल्या चुलीकडे बघून म्हटलं, "हितं दूध-भात." घरची माणसं म्हणजे आय एकटी, तिचा "हाय बाय, हाय" अगदी बारीक निघाला. तेवढ्यात दारातून खालाचा आवाज आला, "है बाई, है! क्यूं नहीं होगा!" तेव्हापासून आमच्या गवरीला उत्तर द्यायला खाला ठरलेली.

भाऱ्यातल्या खालच्या बोंडांत बी धरलेलं होतं. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी चहूकडे उडतं. ते धरायचं तर फुटायच्या आधी बोंड अख्खं मुठीत झाकून घ्यायचं. मूठ गच्च करायची आणि मग आत ते फुटतं, तळहाताला गुदगुल्या होतात. आयने असं करून करून एक पुरचुंडी भरली. त्या वेळी मी तिला म्हटलं होतं, "आय, जाऊ दे ना आता. हितं पण बरं हाय." पोरीला आणखी काय कळणार! आय म्हणाली, "जाऊ दे म्हनायचं नाय. ठेवाचं." तेव्हा मला वाटलं ती बियांबद्दल बोलते आहे.

पुढल्या पावसाळ्यात खालाच्या परसात विहिरीपासून संडासापर्यंत तेरडाच तेरडा. भुंगे इथेही आले. त्यांना कुणी पत्ता दिला कोण जाणे. आयने विहिरीशी काकडीचे दोन वेल चढवले आणि बाजारात बसायला लागली.

आणि गावात काय झालं? गावच्या बाया पनवेलला मासळी घेऊन यायच्या, त्या सगळं सांगायच्या. नामाकाकाने वाडीच्या बांधापर्यंत वेल लावले. रिकामी जागा कशाला सोडायची! किडीसाठी पावडर नवीनच मिळायला लागली होती, तीही आणली, आणि भर फुलांच्या दिवसांत, सकाळच्या वेळी, वेलांवर धुरळली. भुंगे पालथे पडले मांडवाखाली. वेल असे माजले म्हणे, की पानांनी आभाळ दिसेना. फुलं तर पिवळीधमक. पण काकडी? फुलाच्या मागे करंगळीएवढी धरायची, पिवळी पडायची आणि गळायची. आयने हे सगळं ऐकून घेतलं. आणि त्या दिवशी तिने आमच्यासाठी जिलबी आणली.

त्याच आठवड्यात नामाकाका बाजारात आयच्या पाटीसमोर येऊन उभा राहिला. गवरीच्या नैवेद्याला काकडी हवी आणि त्या दिवशी बाजारात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आयने पाटीतल्या सगळ्यांत चांगल्या काकड्या निवडून त्याच्या पिशवीत घातल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल असं विचारलं, "भावजी, वाडीतल्या काकड्या कुठं गेल्या?" त्याचं तोंड असं झालं होतं की मी अजून कधी कंटाळले की ते आठवते.

पण त्याला खरी अडचण होती ती गवरीची. काकडी विकत मिळते, लेक कुठून आणणार? आमच्या जाण्यानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात निरोप आला: "पोरीला धाडून दे. गवर आनायची हाय." आयने निरोप्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाली, "पोरीला ताप हाय." मी तिथेच विटीदांडू हातात घेऊन उभी होते. दुसऱ्या वर्षी निरोप आला, मला ताप होता. तिसऱ्या वर्षीही होता. शाळेत सातवी झाली तरी ताप, शिलाई मशीन शिकले तरी ताप. खाला परसातून ओरडायची, "अरी चांगुणा, भादों आ गया, बुखार आया क्या?" आणि मी आतून ओरडायची, "आया खाला, आया!"

नामाकाकाने मग शेजारची पोर उसनी घेतली. त्याच्या बांधाला तेरडाही नव्हता, तो दुसऱ्याच्या बांधावरून मागायचा. आमच्या गावात हे कधी कुणी केलं नव्हतं. उसनी लेक, उसना तेरडा, आणि बाजारातून आणलेली काकडी. ती पोर लग्न होऊन गेली, मग दुसरी घेतली. तिच्या आईने पुढे नाही म्हटलं. तिसरी उंबऱ्यात अडखळून पडली, गवर हातातून सुटली आणि मग गावात कुणीच पोर द्यायला तयार होईना. नातवंडं झाली, तेही सगळे मुलगेच. बाया म्हणायच्या, त्या घरात लेक यायला कचरते.

माझं लग्न इथेच झालं. नवरा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. खालाने आमच्या खोलीला लागून आणखी एक खोली दिली आणि आम्ही पनवेलकर होऊन बसलो. माझं बोलणं बदललं. 'हाय'चं 'आहे' झालं, 'नाय'चं 'नाही'. स्टोव्ह आला, रेडिओ आला, रविवारी कर्नाळ्याला ट्रिप. बाजारात कुणी गाव विचारलं की मी 'पनवेल' म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. फक्त भाद्रपदात, तेरडा फुलला की, मला पुन्हा ती कुदळ दिसायची. वय वाढलं की राग उतरतो असं ऐकलं होतं. माझा नाही उतरला. उलट मला मुलगी झाली तेव्हा तो जास्तच चढला. माझी आय एवढ्याशा पोरीला घेऊन त्या घरातून कशी निघाली असेल, हे तेव्हा कळलं.

आय गेली ती त्याच चुलीजवळच्या खाटेवर. शेवटी शेवटी तिला बोलायला त्रास व्हायचा, पण गवरीचा विषय निघाला की आवाज साफ. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "बोलावनं धाडील तवा ताप. सोता आला तर जा."

"जाऊन काय करू, आय?"

"इचारतील ते सांग."

ती गेल्यावर दोन-तीन भाद्रपद तसेच गेले. मग एका दुपारी मी मशीनवर ब्लाउज शिवत होते, आणि दारात नामाकाका. पार वाळलेला, हातात नारळ, काखेत छत्री. आत ये म्हणायची मला घाई नव्हती. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मागे परसात तेरडा उभा फुललेला, त्याच्याकडे त्याने पाहिलं आणि नजर खाली घातली.

"चांगुणे," म्हणाला, "या वर्सी गवर आनशील?"

खाला तिच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला. मी मशीनचं चाक थांबवलं. इतक्या वर्षांचं उत्तर जिभेवर आलं होतं, ते गिळलं. "आनीन, काका," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून 'ण'च्या जागी गावाकडचा तो 'न' आपोआप आला. "आज ताप नाय."

मी गवर माझ्याच परसातून घेतली, आयच्या बियांची. एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे रान कुठं घेऊन चाललात?" म्हटलं, "माहेरी." पुढे बांधावरून चालत गेले. खाडीचा तोच वास. गावातल्या बाया वाटेत सामील होत गेल्या आणि घराशी पोचेपर्यंत मागे चांगली गर्दी झाली. चांगुणा गवर घेऊन आली हे बघायला कोण चुकवणार होतं?

काकीने माझे पाय धुतले. दूध अर्धं माझ्या पायांवर आणि अर्धं तिच्याच लुगड्यावर सांडलं. कुंकू लावलं. मी उंबरा ओलांडला. पुढल्या खोलीत, काकीच्या चुलीपाशी, विचारलं गेलं, "गवरबाय, हितं काय?" मी म्हटलं, "हितं दूध-भात." "हाय बाय, हाय," सगळे म्हणाले. नामाकाकाही म्हणाला. त्याला वाटलं, पोर शहाणी झाली, निस्तरलं सगळं.

मग मागली खोली. तिथे आता भाताची पोती होती आणि त्याच कोपऱ्यात, जिथे चूल होती, तिथे जमीन अजून जराशी खोलगट होती. सारवून सारवूनही खड्डा भरला नव्हता. काकीने विचारलं, "गवरबाय, हितं काय?" मला आयचे ओठ दिसत होते. पण या वेळी मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"हितं माझ्या आयची चूल."

दारात बायांची गर्दी होती, ती सगळी थांबली. नामाकाकाचा थोरला मुलगा पुढे झाला, म्हणाला, "अगं, कनगी म्हन ना, कनगी." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. गवर छातीशी धरून उभी राहिले. मुळांचं पाणी कोपरावरून गळत होतं. गवरीला कुणी ढकलत नाही आणि उत्तराला नाही म्हणत नाही. मला काही घाई नव्हती.

पहिली बोलली ती काकी. "हाय बाय," म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "हाय." मग दारातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या. मग सुना, त्यांना काही ठाऊक नसलं तरी. मुलगेही पुटपुटले. राहिला एकटा नामाकाका. तो भिंतीला हात लावून उभा होता. मी त्याच्याकडे तोंड केलं आणि वाट बघत राहिले. हात भरून आले होते, पण मी त्या हातांनी आणखी दिवसभर गवर धरली असती.

"हाय," तो म्हणाला. अगदी खालून.

"काका, पुरं म्हना."

"हाय बाय, हाय."

मग मागचं दार. "गवरबाय, हितं काय?" काकीने विचारलं, आता रडतच. मी म्हटलं, "ह्या दारानं आय गेली." याला 'हाय बाय' म्हणायला नामाकाकाला फार वेळ लागला नाही. एकदा तोंड उघडलं की मग काय!

लोक म्हणतात, सूड घेऊन काही मिळत नाही. मला मिळालं. त्या रात्री मी त्या घरात आमच्याकडे गवरीला नैवेद्याला लागतात त्या चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा चार भाकऱ्यांशी खाल्ला आणि लहान मुलीसारखी झोपले. नामाकाकाला माफ केलं का, असं कुणी विचारू नका. त्याने माफी मागितलेलीच नाही, आणि मी वाट बघत बसले नाही. जमिनीवरही मी हक्क सांगितला नाही. मला काय करायची आहे ती खारी जमीन? मला त्या सगळ्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की तिथे माझ्या आयची चूल होती.

गवर बोळवली त्या दिवशी मी मागच्या दाराने निघाले. पिशवीत पिकल्या बोंडांच्या फांद्या होत्या. वाडीच्या चारी बांधांवरून चालत गेले आणि जाता जाता त्या बोंडांना हात लावत गेले. टप टप फुटत होती. दुसऱ्या वर्षी तिथे काय आलं असेल ते तुम्ही गावात राहिलेल्यांनी पाहिलंच आहे. नामाकाकाचे मुलगे म्हणे उपटून उपटून दमले. एक चुकलं तरी शंभर होतात. आता काकी उपटू देत नाही. म्हातारा नामाकाका मागच्या दाराशी घोंगडीवर बसतो आणि दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर आयचा तेरडा. काकडीही लागायला लागली आहे असं ऐकते. लागू दे. भुंग्यांशी माझं काही वैर नाही.

घर कुठलं, असं मला आता कुणी विचारलं तर मी अडखळत नाही. पावसाळ्यात या, मोहल्ल्यातून मागे वळा, विहिरीपासून गुलाबी दिसायला लागेल, तेच. यंदा आमची गवर माझ्या मुलीने आणली. मी पाय धुतले. खाला आता खाटेवर असते, तिला उचलून दारात बसवलं. पोर दोन्ही खोल्यांतून फिरली आणि चुलीपाशी आली. ती चूल आता पेटत नाही, स्टोव्हच पेटतो. पण मी ती मोडू दिलेली नाही, दर महिन्याला सारवते.

"गवरबाय, हितं काय?" मी विचारलं. दूध-भात म्हणायचं मी तिला नीट शिकवलं होतं.

पोर म्हणाली, "हितं आजीची चूल."

माझ्याआधी खालाच म्हणाली, "है बाई, है." मग मीही म्हटलं.

परवा नामाकाकाच्या थोरल्या मुलाचा निरोप आला होता. पुढच्या वर्षापासून गवर आणायला माझी मुलगी पाठवशील का, त्यांच्याकडे अजून लेक नाही. निरोप्याला मी पाणी दिलं, गूळ दिला. पोर बाहेर परसात तेरड्याची बोंडं फोडत होती, खिदळत होती.

मी म्हटलं, "पोरीला ताप हाय."